सप्लायरच्या नियमांत किमान वय किती लिहावं? 14, 15, की सरळ 18?

सुईदोरा:

नमस्कार मंडळी. मी तयार कपड्यांच्या खरेदी कार्यालयात काम करते. आमचा माल भारत, बांगलादेश, व्हिएतनाम आणि तुर्कस्तानातल्या कारखान्यांतून येतो. प्रत्येक सप्लायरकडून नियमांच्या मसुद्यावर सही घेतली जाते. त्यातलं बालमजुरीचं पान नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आतापर्यंत तिथे एकच ओळ होती, 'किमान वयाबाबत स्थानिक कायदा पाळावा'. आमचे वरिष्ठ म्हणतात, ती ओळ काढ आणि 18 लिहून टाक, पुढे कुणी बोट दाखवायला नको.

माझं मन घेत नाही. एका कारखान्यात फिनिशिंगला सोळा-सतरा वर्षांच्या काही मुली आहेत. धागे कापणं, घड्या घालणं, टॅग लावणं ही त्यांची कामं. कागदपत्रं चोख आहेत आणि तिथल्या कायद्याची परवानगी आहे. मी 18 लिहिलं तर सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना घरी पाठवतील, हे मला स्पष्ट दिसतंय. त्या परत शाळेत जातील असं मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आणि 14 लिहायला हात धजत नाही. ते वय शाळेचं आहे.

शिवाय दोन गोष्टी सुचत नाहीयेत. वय खरं की खोटं, हे कशावर ठरवायचं? आणि मशीनवर बारा-तेरा वर्षांचं मूल सापडलंच तर त्या दिवशी नेमकं काय करायचं, म्हणजे पानावर काय लिहायचं? कायद्याची पुस्तकं मी चाळली आहेत. प्रत्यक्ष कारखान्यात जाऊन हे पाहिलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

उत्तररात्र:

तुमचे वरिष्ठ बरोबर आहेत असं मला वाटतं. संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्क करार 18 च्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो. मग आपण का मागे राहायचं? सोळा वर्षांच्या मुलीला हलकं काम देतो असं कागदावर लिहिलेलं असतं. शिपमेंटची तारीख तोंडावर आली की तीच मुलगी रात्री उशिरापर्यंत इस्त्रीच्या टेबलावर उभी असते. हे तपासायला तिथे कोण जाणार? वयाची रेघ वर असेल तर निदान मध्ये अंतर राहतं. सतरा वर्षांची चुकून आत आली तर ते सहन होण्यासारखं आहे. रेघ 15 वर ठेवलीत तर चुकून आत येणारं मूल तेरा वर्षांचं असेल.

जुनी_वही:

सुईदोरा, मी बरीच वर्षं कारखान्यांच्या तपासणीत होतो. आधी सरकारी बाजूने, नंतर खरेदीदारांच्या वतीने. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

उत्तररात्र यांची काळजी खरी आहे, पण बालहक्क करार 18 च्या आत कामच नको असं म्हणत नाही. त्याचं 32 वं कलम सांगतं की मुलाला पिळवणुकीपासून आणि शिक्षणात किंवा प्रकृतीला बाधा आणणाऱ्या कामापासून संरक्षण द्या, किमान वय ठरवा, कामाचे तास ठरवा. नेमके आकडे आहेत ते आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1973 च्या 138 क्रमांकाच्या करारात. तिथे एक वय नाही, पायऱ्या आहेत. सर्वसाधारण कामाला 15, आणि सक्तीचं शिक्षण त्यानंतर संपत असेल तर ते संपेपर्यंत थांबायचं. अर्थव्यवस्था आणि शाळांची सोय पुरेशी नसलेल्या देशाला सुरुवातीला 14 ची सवलत आहे, पण त्यासाठी मालक आणि कामगार संघटनांशी आधी सल्लामसलत करावी लागते. शाळेला धक्का न लावणारं हलकं काम 13 पासून, 14 ची सवलत घेतलेल्या देशात 12 पासून. आणि प्रकृती, सुरक्षितता किंवा नीतिमत्तेला धोका असलेलं काम 18 च्या आत कुणालाच नाही. या शेवटच्या पायरीला 16 चा एक अरुंद अपवाद आहे, तोही पूर्ण संरक्षण आणि त्या कामाचं रीतसर प्रशिक्षण असेल तरच.

तुमच्या चार देशांपैकी भारताने हा करार 13 जून 2017 ला मंजूर केला, तेव्हा 14 वय नोंदवलं. बांगलादेशाने 2022 मध्ये मंजूर केला, त्यांचंही 14. व्हिएतनाम आणि तुर्कस्तानात 15. म्हणून 'स्थानिक कायदा पाळावा' ही तुमची जुनी ओळ अपुरी होती. एकाच ब्रँडचा शर्ट शिवायला एका देशात चौदावं वर्ष पुरतं आणि दुसऱ्यात पुरत नाही, हे तुमच्या गिऱ्हाईकाला कसं पटवणार?

मी असतो तर असं लिहिलं असतं: 15 वर्षं, किंवा त्या देशाचं कायदेशीर किमान वय, किंवा सक्तीचं शिक्षण संपण्याचं वय, यांत जे जास्त असेल ते. कायद्यापेक्षा वरचा नियम लावायला कायद्याची हरकत नसते.

पण ही एक ओळ झाली की पान संपलं असं समजू नका, खरं पान तिथून सुरू होतं. पंधरा ते अठरा ही तीन वर्षं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. मसुद्यात 'बालमजूर नाही' अशी खूण केली की तपासनीसही पुढच्या पानावर जातो, आणि सोळा वर्षांची मुलगी मोठ्या बाईच्या हिशेबाने राबते. तुमच्या धंद्यात या वयाला काय वर्ज्य, ते नावानिशी लिहा. बॉयलर, डाईंगचं खातं, जीन्सचा रंग उतरवायला मारतात तो परमँगनेट या रसायनाचा फवारा, डाग काढायचं सॉल्व्हंट, कापड कापायचं बँडनाइफ मशीन, कापडाचे ताके उचलणं. सॅन्डब्लास्टिंग, म्हणजे जीन्स जुनी दिसावी म्हणून वाळूचा मारा करणं, तर कुठल्याच वयाला नको, त्या वाळूच्या धुळीने तुर्कस्तानात जीन्सच्या तरुण कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला आणि 2009 मध्ये तिथल्या सरकारला त्यावर बंदी आणावी लागली. 'धोकादायक काम देऊ नये' एवढंच लिहिलंत तर प्रत्येक मॅनेजर म्हणेल, आमच्याकडे धोका नाहीच.

तासांचंही तसंच. 138 बरोबरच्या 146 क्रमांकाच्या शिफारशीत 18 च्या आतल्यांसाठी ओव्हरटाइम नको आणि रात्रीची सलग 12 तास विश्रांती हवी असं आहे. भारताच्या 1986 च्या बालमजुरी कायद्याचं सातवं कलम 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 ते 18 च्या मुलांना लागू होतं. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान एक तास सुट्टी, सगळं मिळून सहा तासांच्या आत, आणि संध्याकाळी सातनंतर सकाळी आठपर्यंत काम नाही. त्यात एक बारकावा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. कामाची वाट पाहत बसलेला वेळही त्या सहा तासांत धरायचा. ज्याने कारखान्यात कटिंगहून माल येण्याची वाट पाहत बसलेली पोरं पाहिली आहेत, त्यालाच हे सुचू शकतं.

आता वय ओळखण्याचं. कागद पाहायचेच, पण क्रम लावून. जन्माच्या वेळी किंवा लगेच नोंदवलेला जन्मदाखला सगळ्यांत भरवशाचा, मग शाळेचा दाखला, ओळखपत्र त्यानंतर. कामावर घेण्याच्या आठवड्यात निघालेला कागद दिसला तर थांबायचं. मस्टर, म्हणजे कामगारांची हजेरीवही, चाळताना ओळीने 1 जानेवारी जन्मतारखा दिसल्या तरी थांबायचं. त्यात लबाडीच असते असं नाही, जन्मनोंदणी नसलेल्या भागात तारीख अशीच लावतात. पण मग वर्षही अंदाजाने लावलेलं असू शकतं.

नंतर मुलाशी बोलायचं, मॅनेजर खोलीबाहेर गेल्यावर. आणि वय विचारायचंच नाही. पढवलेली जन्मतारीख मुलं एका दमात सांगतात. 'शाळा कितवीत सोडलीस? त्याला किती पावसाळे झाले? तुझ्या पाठचा भाऊ आता कितवीत आहे? तो तुझ्याहून किती लहान?' एवढ्यावर हिशेब जुळतो किंवा जुळत नाही. एकदा एका मुलीने आपलं वय अठरा सांगितलं, कागदही तसाच होता. थोड्या वेळाने मोठ्या बहिणीच्या लग्नाचा विषय निघाला, तर ती खुशीत म्हणाली, 'ताई यंदा अठराची झाली म्हणून लगेच लग्न केलं.' तिला दटावायचं नसतं. तिथे वही मिटायची आणि पाणी विचारायचं.

हाडांच्या एक्स-रेवर भिस्त ठेवू नका. त्यातला अंदाज दोन वर्षांनी इकडे किंवा तिकडे चुकू शकतो, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच नोंदवलंय. चौदा की सोळा हे ठरवायचं असताना दोन वर्षांची चूक म्हणजे काहीच ठरवलं नाही. मुलाला त्या मशीनखाली झोपवण्याआधी बाकी सगळं करून पाहा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर स्वतंत्र लिहीन, तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

मागची_ओळ:

मी इथे फारसं लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. मी पंधराव्या वर्षी धागे कापायला लागले. आता लाइन सुपरवायझर आहे.

जुनी_वही यांनी विचारलेले प्रश्न मला कुणी विचारलेच नाहीत, कारण आम्ही समोर आलोच नाही. पाहुणे येणार असले की सकाळी ठेकेदार आम्हा लहान मुलींना वरच्या मजल्यावर पाठवायचा. तिथे कापडाचे ताके रचलेले असायचे. त्यांच्या मागे बसायचं, बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही, कारण आवाज खाली जातो. पाहुण्यांची जेवणं होऊन गाडी गेली की खाली यायचं आणि राहिलेला माल संध्याकाळी पुरा करायचा. त्या दिवशी घरी जायला हमखास उशीर. म्हणजे तपासणीचा दिवस आम्हाला सगळ्यांत वाईट जायचा.

मग एका बड्या खरेदीदाराने अठराचा नियम आणला. आम्हाला एका सकाळी गेटवरूनच परत पाठवलं. चालू आठवड्याचा पगार मिळाला नाही, मागायला कुणाकडे जायचं तेही माहीत नव्हतं, कारण मस्टरवर आमचं नाव नव्हतंच. आमच्यातली एकही शाळेत गेली नाही. मी एका जॉबवर्कच्या खोलीत लागले. तेच कपडे, तीच कात्री, पगार कमी, संडास नाही, आणि तिथे तपासायला कधीच कुणी आलं नाही. कारखान्यात निदान खिडकी होती.

उत्तररात्र, तुम्ही मुलींच्या भल्यासाठीच लिहिताय हे कळतं. पण नियम लावणाऱ्याने एकदा गेटच्या बाहेर उभं राहून पाहावं, मुली कुठल्या दिशेने जातात ते.

आणि सुईदोरा, आम्हाला काय हवं होतं ते सांगू? उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडायचा, तो फुटायचा. दर दोन तासांनी हात बदलून दुसरं काम दिलं असतं तरी पुरलं असतं. संध्याकाळी सहाला सोडलं असतं तर मी दहावीला बसले असते. सोळा-सतराच्या मुलींना ठेवणार असाल तर सुटायची वेळ पानावर आकड्यात लिहा.

उत्तररात्र:

मागची_ओळ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. 18 चा आग्रह सोडतो, निदान सरसकट. पण एक शंका राहते. मूल सापडल्यावर खरेदीदार म्हणाला की काढू नका, सांभाळून घ्या, तर कारखानदाराला मूल ठेवण्याची भीतीच उरणार नाही. भारताच्या कायद्यात 14 च्या आतलं मूल कामाला ठेवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र आहे. कायदा एवढा कडक आणि खरेदीदार मऊ, असं कसं चालेल?

जुनी_वही:

कायद्याचं काम कायदा करेल, त्यात खरेदीदाराने आडवं यायचं नाही. तक्रार द्यायची असेल तिथे द्यायचीच. माझं म्हणणं वेगळं आहे. मूल सापडलं याबद्दल आणि मूल लपवलं याबद्दल एकच शिक्षा ठेवलीत, तर प्रत्येक जण लपवेल. वरचा मजला त्यातूनच तयार होतो. स्वतःहून कळवलं तर ऑर्डर चालू राहील, लपवलेलं उघड झालं तर नवी ऑर्डर बंद, असं पानावर लिहा. भीती हवीच, पण ती लपवण्याची हवी.

मुलांना नुसतं काढून टाकलं की काय होतं, हे बांगलादेशात घडून गेलंय. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीतून तयार झालेल्या मालाची आयात बंद करणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालंच नाही. नुसत्या धास्तीने कारखान्यांनी मुलांना काढलं, हजारोंच्या संख्येने. युनिसेफने पुढे नोंदवलं की त्यातली बरीच मुलं खडी फोडण्यापासून वेश्याव्यवसायापर्यंत, आधीपेक्षा वाईट ठिकाणी गेली. त्यानंतर 1995 मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी ढाक्यात समझोता केला. 14 च्या आतल्या मुलांना शाळेत जागा मिळेपर्यंत काढायचं नाही, शाळेत गेल्यावर दरमहा विद्यावेतन द्यायचं, आणि शक्य तिथे घरातल्या मोठ्या माणसाला त्या जागी काम द्यायचं. आज चांगल्या मसुद्यांमध्ये जे उपाय दिसतात ते बरेचसे याच वाटेने आलेत.

तेव्हा सुईदोरा, त्या दिवशी करायचं ते असं. मूल मशीनवरून लगेच उठवायचं, पण कारखान्याच्या गेटबाहेर एकटं सोडायचं नाही. केलेल्या सगळ्या कामाचा पगार त्याच दिवशी, मस्टरवर नाव असो वा नसो. आईवडील किंवा पालक येईपर्यंत एक जबाबदार बाई त्या मुलाजवळ. पालकच नसतील, किंवा कुणी पैसे देऊन आणून सोडलं असेल, तर तो वेठबिगारीचा आणि मुलांच्या खरेदी-विक्रीचा मामला. तिथे सरकारी बालसंरक्षण यंत्रणेला लगेच बोलवायचं, कारखानदाराची परवानगी विचारत बसायचं नाही. बाकीच्यांसाठी शाळेचा खर्च आणि मुलाच्या पगाराइतकी रक्कम किमान वय पूर्ण होईपर्यंत. ही रक्कम घरी पोचली नाही तर पुढच्या महिन्यात ते मूल दुसऱ्या खोलीत दिसणार, हे धरूनच चाला.

कापूसकाडी:

मधेच बोलतो. हे सगळं कारखान्याच्या भिंतीच्या आतलं झालं. जून 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफने दिलेल्या आकड्यांप्रमाणे जगात 13.8 कोटी मुलं बालमजुरीत आहेत, त्यांतली 5.4 कोटी धोकादायक कामात. आणि 61 टक्के शेतीत आहेत, उद्योगांत 13 टक्के. संकरित कापसाच्या बियाण्यासाठी फुलाफुलावर हाताने परागीकरण करतात, ते काम बोटं लहान म्हणून मुलांना लावल्याचं आम्ही शेतात पाहिलंय. तुमचा शर्ट तिथून सुरू होतो. निदान जॉबवर्क आणि घरकाम तरी पानात घ्या. भारताच्या कायद्यात शाळा सुटल्यावर घरच्या उद्योगात मदत करायला सूट आहे, आणि मणी-टिकल्या लावायचं काम गठ्ठ्याने घरोघरी जातं ते त्याच सुटीच्या आडोशाने.

सुईदोरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. मागची_ओळ, तुमचा प्रतिसाद मी वरिष्ठांना तुमचं नाव न घेता वाचून दाखवला. 18 ची गोष्ट मागे पडली आहे. सध्या लिहिलेलं देते, चुका काढा:

'कामावर घेताना वय 15 वर्षं, देशाचं कायदेशीर किमान वय किंवा सक्तीचं शिक्षण संपण्याचं वय, यांतलं जे जास्त असेल ते पूर्ण असावं. 15 ते 18 वयाच्या कामगारांना सोबतच्या यादीतली कामं देऊ नयेत. त्यांना ओव्हरटाइम नाही आणि संध्याकाळी 6 नंतर काम नाही. हा नियम ठेकेदार, जॉबवर्क आणि घरी दिलेल्या कामालाही लागू आहे. किमान वयाखालचं मूल आढळल्यास त्याला त्याच दिवशी पूर्ण पगार देऊन पालकांच्या ताब्यात द्यावं आणि किमान वय होईपर्यंत शाळेचा खर्च व मासिक रक्कम द्यावी.'

कापसापर्यंत आत्ता पोचता येणार नाही, आमचा व्यवहार सूतगिरणीशीही थेट नाही. पण कापूस कुठून आला हे सप्लायरने लिहून द्यावं, एवढी ओळ मी घालणार आहे.

जुनी_वही:

चांगलं झालंय. तीन दुरुस्त्या. 'रक्कम द्यावी' असं लिहिलंय, कुणी द्यावी ते नाही. कारखानदार म्हणेल ठेकेदाराने, ठेकेदार हात वर करेल. कारखाना देईल असं नाव घालून लिहा, आणि तुमची कंपनी त्यात किती वाटा उचलणार तेही लिहा. शिपमेंटच्या तारखा शेवटच्या क्षणी तुम्हीच अलीकडे आणता, हे विसरू नका.

दुसरी, मस्टरची. 138 च्या नवव्या कलमाप्रमाणे 18 च्या आतल्या कामगारांची नावं आणि वयं किंवा जन्मतारखा मालकाने नोंदवहीत ठेवायच्या असतात. तुम्ही त्यात तीन रकाने वाढवा: वयासाठी कोणता कागद पाहिला, तो कधी निघालेला आहे, आणि पाहिला कुणी. खाली पाहणाऱ्याची सही.

तिसरी मागची_ओळ यांच्यामुळे सुचली. तपासणीला येणाऱ्याने गोदाम, गच्ची आणि वरचा मजला आधी पाहायचा, मस्टर नंतर मागायचं. हेही मसुद्यातच लिहून टाका, म्हणजे दार उघडायला सांगितल्यावर कुणी किल्ली हरवली म्हणणार नाही.

मागची_ओळ:

आणि तपासणी झाली त्या संध्याकाळी सुटायच्या वेळेला परत एक चक्कर मारायला सांगा.